आरव्ही३२ईसी टूलचेन: बिल्ड होतं, लिंक होतं, आणि चिपवर मात्र इल्लीगल इन्स्ट्रक्शन

आधी लक्षणं. रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर आर्किटेक्चरचा 'ई' प्रकारचा छोटा कोअर आहे: ३२ ऐवजी १६ रजिस्टर, गुणाकार-भागाकाराचं हार्डवेअर नाही, कम्प्रेस्ड इन्स्ट्रक्शन आहेत. थोडक्यात आरव्ही३२ईसी. सीएच३२व्ही००३ हे त्याचं सगळ्यांच्या हाताशी असलेलं उदाहरण, १६ केबी फ्लॅश आणि २ केबी रॅमवालं. त्यासाठी जीसीसी कंपायलरची क्रॉस-टूलचेन (आपल्या मशीनवर चालून दुसऱ्या चिपसाठी कोड काढणारा साधनांचा संच) सोर्समधून बांधली. बिल्ड कुठेही अडलं नाही. एलईडी लुकलुकतो, यूआर्टवर अक्षरं जातात, दोन पूर्णांकांचा गुणाकारही बरोबर येतो. मग कुठेतरी दोन फ्लोटचा गुणाकार केला, किंवा प्रिंटएफकडून एखादा आकडा छापून घ्यायला गेलं, की चिप गप्प. डीबगर लावला तर पीसी (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवणारा रजिस्टर) ट्रॅप हँडलरमध्ये, म्हणजे चूक झाल्यावर चिप ज्या कोडवर उडी मारते तिथे, घिरट्या घालताना दिसतो.

यावर बहुतेक जण टूलचेन पुसून पुन्हा बांधायला घेतात. कधी त्याने काम होतं, कधी नाही, आणि झालं तरी पुढच्या अपग्रेडला तेच दुखणं परत. कारण दुखणं कंपायलरमध्ये नसतंच. तुम्ही कमांडवर देता तो एम-आर्चचा फ्लॅग (कुठल्या आर्किटेक्चरसाठी कोड काढायचा ते सांगणारा) फक्त तुम्ही आत्ता कंपाइल करताय त्या फायलींना लागतो. लिबजीसीसी (कंपायलरची मदतनीस लायब्ररी), न्यूलिब (सीची स्टँडर्ड लायब्ररी) आणि सीआरटी (प्रोग्रामचा स्टार्टअप कोड) यांच्या ऑब्जेक्ट फायली टूलचेन बांधली त्याच दिवशी कंपाइल होऊन बसल्या आहेत, त्या दिवशीच्या फ्लॅगनी. त्यांना तुमचा आजचा फ्लॅग कळायचा काही मार्ग नाही. तेव्हा पुन्हा बांधायच्या आधी शोधायचं ते हे, की नको असलेली इन्स्ट्रक्शन नेमकी कुठल्या फायलीतून आली.

ट्रॅपकडून मागे जायचं

डीबगरमध्ये एम-कॉज (ट्रॅपचं कारण) आणि एम-ईपीसी (ट्रॅप जिथे आला तो पत्ता) हे दोन रजिस्टर वाचा. एम-कॉज २ असेल तर ती इल्लीगल इन्स्ट्रक्शन, आणि ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. ५ किंवा ७ असेल तर लोड किंवा स्टोअर चुकीच्या पत्त्यावर गेलंय. तिथे लिंकर स्क्रिप्ट आणि स्टॅक बघा, टूलचेनला हात लावू नका. ४ किंवा ६ म्हणजे अलाइनमेंट. अनेकांच्या ट्रॅप हँडलरमध्ये नुसतं अनंत लूप असतं आणि एम-कॉज कोणी वाचतच नाही, त्यामुळे या तिन्ही वेगळ्या आजारांवर एकच औषध चालू राहतं.

एम-ईपीसीमधला पत्ता घ्या आणि ऑब्जडम्पने अंतिम एल्फ (लिंक होऊन तयार झालेली फाइल) असेंब्लीत उलगडून त्या ओळीवर जा. बहुधा असं काही दिसेल:

०२बी५०५३३    म्युल    ए०,ए०,ए१

हा शब्द जरा नीट बघण्यासारखा आहे. शेवटचे सात बिट हेक्समध्ये ३३, म्हणजे दोन रजिस्टरांवरची अंकगणिती क्रिया. सगळ्यात वरचे सात बिट म्हणजे फक्त १. या दोन गोष्टी एकत्र आल्या की ती 'एम' एक्स्टेन्शनची इन्स्ट्रक्शन: म्युल, म्युलएचयू, डिव्ह, रेम, सगळं हेच घराणं. रजिस्टरांचे बिट मधे घुसत असल्यामुळे नजरेने ओळखायचा नियम असा होतो: ३२ बिटांचा शब्द ०२ किंवा ०३ ने सुरू होतो आणि ३३ किंवा बी३ ने संपतो, तर तो 'एम'. ऑब्जडम्प हाताशी नसताना, नुसत्या डीबगरच्या मेमरी डम्पवरून एवढं कळलं तरी निम्मं निदान झालं.

एम-टीव्हॅल या ट्रॅपच्या जादा माहितीच्या रजिस्टरमध्ये दोषी इन्स्ट्रक्शनचा शब्द मिळेल अशी आशा ठेवू नका. स्पेसिफिकेशन तिथे शून्य ठेवायची मुभा देतं आणि छोटे कोअर ती घेतात. एम-ईपीसीच्या पत्त्यावरची मेमरी वाचणं जास्त भरवशाचं.

दुसरी शक्यता: ओळीत म्युल-डिव्ह काही नाही, पण ए६, ए७, एस२ ते एस११ किंवा टी३ ते टी६ यांपैकी एखादा रजिस्टर आहे. हे सगळे एक्स१६ पासून पुढचे, 'ई' कोअरवर ते अस्तित्वातच नाहीत. इथे एक खाच आहे. स्पेसिफिकेशन म्हणतं की 'ई'मध्ये या रजिस्टरांची एन्कोडिंग राखीव आहेत. राखीव म्हणजे ट्रॅप येईलच याची हमी नाही. एखाद्या कोअरने वरचा बिट सरळ दुर्लक्षिला तर ए६ ऐवजी भलताच रजिस्टर वापरला जाईल, आणि तुमच्या हाती ट्रॅपऐवजी चुकीचं उत्तर येईल. 'ट्रॅप नाही म्हणजे लायब्ररी बरोबर आहे' हा निष्कर्ष म्हणून काढू नका.

एम्युलेटरवर सगळं चालतं आणि बोर्डवर नाही, याचंही उत्तर इथेच. क्यूईएमयूचा नेहमीचा ३२ बिट कोअर भरगच्च असतो: ३२ रजिस्टर, गुणाकार, फ्लोटिंग पॉइंट, सगळं. तिथे पास झालेली टेस्ट आरव्ही३२ईसीबद्दल काहीच सिद्ध करत नाही.

पूर्णांक चालतो, फ्लोट मरतो, हे असं का

हे लक्षण इतकं नेमकं आहे की त्यावरूनच दोष लिबजीसीसीत आहे हे ओळखता येतं. तुमचा कोड आरव्ही३२ईसीसाठी कंपाइल झाला की साध्या गुणाकाराच्या जागी कंपायलर दोन अंडरस्कोर म्युलएसआय३ या फंक्शनला हाक मारतो. रिस्क-फाइव्हच्या लिबजीसीसीत ते फंक्शन हाताने लिहिलेल्या असेंब्लीत आहे: एक-एक बिट सरकवायचा आणि बेरीज करायची. त्यात म्युल नाहीच, त्यामुळे लिबजीसीसी कुठल्याही फ्लॅगने बांधलेली असो, ते चालतं. लिंकर मॅपमध्ये हे फंक्शन म्युलडीआय३ नावाच्या ऑब्जेक्टमधून आलेलं दिसेल. घाबरू नका, ६४ बिटसाठी लिहिलेली तीच फाइल ३२ बिटवर नाव बदलून वापरली जाते.

फ्लोटचा गुणाकार करणारं म्युलएसएफ३ मात्र सीमध्ये लिहिलंय. लिबजीसीसी बांधताना 'एम' चालू असेल तर कंपायलर त्याच्या आत बिनदिक्कत म्युल आणि म्युलएचयू घालतो. प्रिंटएफचंही तसंच: आकडा दशमानात छापायचा म्हणजे दहाने भागणं आलं, आणि 'एम'सह बांधलेल्या न्यूलिबमध्ये तिथे सरळ 'एम' घराण्याची गुणाकाराची किंवा भागाकाराची इन्स्ट्रक्शन असते.

लिंकर गप्प का बसला

एल्फच्या हेडरमध्ये रिस्क-फाइव्हसाठी मोजकेच फ्लॅग असतात: कम्प्रेस्ड आहे का, फ्लोट एबीआय (फंक्शनला फ्लोट कसे द्यायचे याचा करार) कोणता, 'ई' आहे का, मेमरी मॉडेल टीएसओ आहे का. 'ई' आणि 'आय' एकत्र आणले तर लिंकर ठणकावून सांगतो की आरव्हीई दुसऱ्या टार्गेटशी जोडता येणार नाही. सॉफ्ट-फ्लोट आणि डबल-फ्लोट मिसळलं तरी तसंच. ही एरर आली की लोक वैतागतात. खरं तर ती सगळ्यात स्वस्तात सुटका करणारी एरर.

'एम'साठी हेडरमध्ये बिटच नाही. ती माहिती ॲट्रिब्यूट सेक्शनमधल्या आर्च स्ट्रिंगमध्ये असते, आणि लिंकर सगळ्या फायलींच्या स्ट्रिंगची गोळाबेरीज करतो. तुमचं आरव्ही३२ईसी आणि लायब्ररीचं आरव्ही३२ईएमसी मिळून अंतिम फाइल आरव्ही३२ईएमसी होते, तीही एका शब्दाने न कुरकुरता. यातच आपला फायदा आहे. अंतिम एल्फवर हे चालवा:

रीडएल्फ -ए फर्मवेअर.एल्फ

(हा ए मोठा, छोटा ए फाइलमधलं सगळंच लांबलचक छापतो.) टॅग-रिस्कव्ही-आर्चच्या ओळीत तुम्ही न मागितलेलं 'एम' दिसलं तर कोणीतरी ते सोबत आणलंय, हे ट्रॅप यायची वाट न बघता कळलं. कोणी आणलं ते मॅप फाइल सांगते. लिंकला मॅपचा पर्याय द्या, एम-ईपीसीचा पत्ता मॅपमध्ये शोधा, शेजारी आर्काइव्हचा (लायब्ररीच्या फायलीचा) पूर्ण पाथ आणि सदस्य ऑब्जेक्टचं नाव असतं. तो पाथ नीट वाचा. जुन्या प्रीफिक्सकडे (टूलचेन इन्स्टॉल केलेल्या डिरेक्टरीकडे) बोट दाखवणारा पाथ हे अर्ध्याअधिक प्रकरणांचं उत्तर असतं.

चुकीची लायब्ररी निवडली गेली की चुकीची बांधली गेली

या दोन तक्रारी वेगळ्या, आणि इलाजही वेगळे. फरक एका मिनिटात कळतो. जीसीसीला तुमच्या नेहमीच्या फ्लॅगसह विचारा की तू कुठली लिबजीसीसी उचलणार:

रिस्कव्ही३२-अननोन-एल्फ-जीसीसी -एमआर्च=आरव्ही३२ईसी -एमएबीआय=आयएलपी३२ई -प्रिंट-लिबजीसीसी-फाइल-नेम

मग हेच फ्लॅगशिवाय. दोन्ही वेळा एकच पाथ आला तर तुमचे फ्लॅग निवडीत काहीही फरक पाडत नाहीत. टूलचेन याच चिपसाठी बांधली असेल तर ते योग्यच. नसेल तर तेच मूळ. सोबत प्रिंट-मल्टि-लिबने आर्च-एबीआयच्या किती जोड्यांसाठी लायब्ररीचे वेगळे संच (मल्टिलिब) बांधले आहेत ते बघा. तिथे एकच ओळ असेल आणि ती नुसता टिंब दाखवत असेल, तर टूलचेनमध्ये लायब्ररीचा एकच संच आहे आणि तो कॉन्फिगरच्या वेळी दिलेल्या विथ-आर्चचा. तो कोणता होता ते जीसीसी -व्हीच्या आउटपुटमधली 'कॉन्फिगर्ड विथ'ची ओळ सांगते. अशी टूलचेन तुमचा वेगळा एम-आर्च कंपाइलसाठी घेते, त्यानुसार कोड काढते, आणि लिंकला आपला एकमेव संच पुढे करते. मल्टिलिब चालू असलेला नवा जीसीसी काही वेळा 'योग्य मल्टिलिब संच सापडत नाही' म्हणून थांबतो. जुने थांबत नव्हते, मुकाट्याने डीफॉल्ट उचलत होते.

निवड चुकण्याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण मेकफाइलमध्ये असतं. कंपाइलच्या ओळीवर एम-आर्च आणि एम-एबीआय दोन्ही आहेत, लिंकच्या ओळीवर नाहीत. लायब्ररीची निवड लिंकच्या वेळी होते, जीसीसीचा ड्रायव्हर ती करतो, आणि त्याला फ्लॅग दिलेच नाहीत तर तो डीफॉल्टवर जाणार. त्यामुळे आर्च-एबीआयचे फ्लॅग एका वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि कंपाइल, असेंबल, लिंक तिन्हींना तेच द्या. आणि लिंकसाठी एलडी थेट बोलावू नका. त्याला मल्टिलिब हा प्रकार माहीतच नाही, तो तुम्ही दिलेल्या डिरेक्टरीत जे मिळेल ते उचलतो.

लायब्ररी बरोबर निवडली तरी आत भलतंच असेल, तर ती चुकीची बांधली गेली. रीडएल्फ आर्काइव्हवरही चालतो, आतल्या प्रत्येक ऑब्जेक्टची आर्च स्ट्रिंग छापतो. लिबजीसीसी, लिबसी, लिबएम या तिन्हींवर चालवून आउटपुटमधल्या आर्चच्या ओळी सॉर्ट-युनिक करा. एकच ओळ उरायला हवी. दोन उरल्या तर बिल्डमध्ये दोन वेगवेगळ्या वेळचं सामान मिसळलंय.

आता बांधायचीच असेल तर

क्रम ठरलेला आहे: बिनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरे), मग फक्त सीपुरता पहिल्या टप्प्याचा जीसीसी आणि लिबजीसीसी, मग न्यूलिब, मग पूर्ण जीसीसी. बिनयुटिल्स इन्स्टॉल होऊन पाथमध्ये असल्याशिवाय जीसीसीचं कॉन्फिगर चालवू नका. जीसीसी कॉन्फिगरच्या वेळीच असेंब्लर आणि लिंकरला काय काय येतं ते चाचपतो आणि ते आपल्यात कोरून ठेवतो. नंतर बिनयुटिल्स बदलला तरी त्या नोंदी बदलत नाहीत.

पहिल्या टप्प्यासाठी कॉन्फिगरचे महत्त्वाचे पर्याय असे:

--टार्गेट=रिस्कव्ही३२-अननोन-एल्फ
--विथ-आर्च=आरव्ही३२ईसी
--विथ-एबीआय=आयएलपी३२ई
--डिसेबल-मल्टिलिब
--विथ-न्यूलिब --विदाउट-हेडर्स
--एनेबल-लँग्वेजेस=सी
--डिसेबल-शेअर्ड --डिसेबल-थ्रेड्स --डिसेबल-लिबएसएसपी

यातला विथ-एबीआय विसरू नका. आयएलपी३२ आणि आयएलपी३२ई यांच्यात फक्त रजिस्टरांची संख्या वेगळी नाही. आयएलपी३२ईमध्ये आर्ग्युमेंटसाठी ए० ते ए५ असे सहाच रजिस्टर, फंक्शनने जपायचे एस० आणि एस१ एवढेच, आणि स्टॅकचं अलाइनमेंट १६ ऐवजी ४ बाइटांचं. हाताने लिहिलेल्या असेंब्लीत जुनी गृहीतकं राहिली असतील तर ती इथे उघडी पडतात. न्यूलिबसोबतच्या लिबग्लॉस या सिस्टम कॉलच्या लायब्ररीनेही याची सोय केली आहे: सिस्टम कॉलचा क्रमांक एरवी ए७ मध्ये जातो, 'ई'साठी टी० मध्ये. तुम्ही स्वतःचा ई-कॉल हँडलर लिहिला असेल तर तो कुठला रजिस्टर वाचतो ते बघून घ्या.

एकाच टूलचेनमधून 'एम'वाला आणि 'एम' नसलेला असे दोन्ही कोअर सांभाळायचे असतील तर डिसेबल-मल्टिलिब काढून विथ-मल्टिलिब-जनरेटर वापरा. त्याला द्यायची प्रत्येक जोडी आर्च-एबीआय-पुनर्वापर-प्रत्यय अशा चार भागांची असते, जोड्या अर्धविरामाने तोडायच्या:

आरव्ही३२ईसी-आयएलपी३२ई--;आरव्ही३२ईएमसी-आयएलपी३२ई--

तिसऱ्या भागात, म्हणजे पुनर्वापरात, 'ही लायब्ररी त्या आर्चलाही चालेल' असं सांगता येतं. लहान आर्चची लायब्ररी मोठ्या आर्चला चालते, उलट नाही. कुठून तरी उचललेली मोठी यादी वापरताना हा तिसरा भाग डोळ्यांत तेल घालून वाचा. माझं मत विचाराल तर दोन-तीन चिपपुरतं काम असेल तर मल्टिलिबच्या भानगडीत न पडता प्रत्येक आर्चला वेगळा प्रीफिक्स आणि वेगळी टूलचेन ठेवावी. डिस्कची जागा जाते, डोकं शाबूत राहतं.

टार्गेटचे फ्लॅग सीफ्लॅग्जमध्ये एक्स्पोर्ट करून बिल्ड सुरू करायची सवय अनेकांना असते. सीफ्लॅग्ज होस्ट कंपायलरलाही (तुमच्या स्वतःच्या मशीनच्या) जातो. तो आरव्ही३२ईसी बघून लगेच हात वर करतो. टार्गेट लायब्ररींसाठी वेगळा सीफ्लॅग्ज-फॉर-टार्गेट आहे, पण तो भरला की त्याची मूळ किंमत, म्हणजे ओ२ आणि जी, पुसली जाते. आकार कमी करायला ओएस घालायचा तर तिथे जरूर घाला. आर्च मात्र तिथे नको, ती विथ-आर्चमधूनच जाऊ दे, म्हणजे कंपायलरचं डीफॉल्ट आणि लायब्ररी एकाच ठिकाणाहून ठरतात.

जीसीसीच्या सोर्स डिरेक्टरीत बिल्ड करू नका, वेगळी रिकामी डिरेक्टरी घ्या. विथ-आर्च बदलला तर ती डिरेक्टरी उडवा. मेक क्लीनवर विसंबू नका. प्रीफिक्ससुद्धा नवा घ्या. जुन्याच प्रीफिक्सवर इन्स्टॉल केलं तर नव्या बिल्डने न लिहिलेल्या जुन्या फायली तशाच पडून राहतात, आणि सगळं नवीन आहे या समजुतीत त्यांच्यावर कोणाचा संशय जात नाही.

मधेच बिल्ड फुटलं तर

'ऑब्जेक्ट फायलींचा सफिक्स ठरवता येत नाही, कंपाइल करता येत नाही' या एररवर सर्च इंजिनात जन्म काढू नका. लिबजीसीसीच्या कॉन्फिगरने नवा कंपायलर चालवून पाहिला आणि तो चालला नाही, एवढाच तिचा अर्थ. कारणं डझनभर असतात. खरं कारण बिल्ड डिरेक्टरीतल्या टार्गेटच्या नावाखालच्या लिबजीसीसी फोल्डरमधल्या कॉन्फिग.लॉगमध्ये असतं, वरच्या पातळीवरच्या कॉन्फिग.लॉगमध्ये नाही. तिथे खालून वर वाचत या. होस्टचा असेंब्लर बोलावला गेला आणि त्याने एम-आर्च ओळखला नाही, हे नेहमीचं. म्हणजे बिनयुटिल्स पाथमध्ये नाही किंवा टार्गेटचं नाव दोन्हीकडे जुळत नाही. सीसी१ ला (जीसीसीच्या आतल्या सी कंपायलरला) जीएमपी, एमपीएफआर किंवा एमपीसी या गणिती लायब्ररींची शेअर्ड फाइल मिळाली नाही, हे दुसरं.

'जीसीसी-नो-एक्झिक्यूटेबल्सनंतर लिंक टेस्टला परवानगी नाही' ही एरर पहिल्या टप्प्यात आली तर तुम्ही सी++ किंवा लिबएसएसपी फार लवकर मागितलंय. सीआरटी० सापडत नसेल तर न्यूलिब अजून इन्स्टॉल झालेली नाही.

अपग्रेडनंतर परत तेच

यामागे एक ठरावीक बदल आहे. रिस्क-फाइव्हच्या बेस आयएसएमधून (मूळ इन्स्ट्रक्शन संचातून) सीएसआर, म्हणजे कंट्रोल-स्टेटस रजिस्टर, हाताळणाऱ्या इन्स्ट्रक्शन आणि फेन्स-आय वेगळ्या काढून झेडआयसीएसआर आणि झेडआयफेन्सआय अशी स्वतंत्र एक्स्टेन्शन झाली. बिनयुटिल्स २.३८ आणि जीसीसी १२ पासून डीफॉल्ट आयएसए स्पेसिफिकेशन २०१९१२१३ हे झालं, आणि काल असेंबल होणारी सीएसआरआरची ओळ आज 'अनोळखी ऑपकोड, झेडआयसीएसआर एक्स्टेन्शन हवं' म्हणू लागली. स्टार्टअप कोडमध्ये सीएसआर असतातच, त्यामुळे हा फटका सगळ्यांना बसतो.

उपाय सोपा: एम-आर्च आरव्ही३२ईसी अंडरस्कोर झेडआयसीएसआर करा. पण तो फक्त मेकफाइलमध्ये केला आणि टूलचेन जुन्याच स्ट्रिंगने बांधलेली असली, तर मल्टिलिबच्या जुळवणीत फरक पडू शकतो, आणि आपण फिरून पहिल्या प्रश्नावर येतो. विथ-आर्चमध्येही तीच स्ट्रिंग घालून बांधणं सरळ. जुनी स्पेसिफिकेशन मागणारा एम-आयएसए-स्पेक=२.२ हाही पर्याय आहे. जुना प्रकल्प तात्पुरता चालू ठेवायला ठीक, नव्या कामाला नको.

जीसीसी आणि बिनयुटिल्सच्या वयात फार अंतर नसावं. नवा जीसीसी असेंब्लीत अशा एक्स्टेन्शनची नावं लिहितो जी जुन्या असेंब्लरने ऐकलेलीच नसतात. एररचा सूर साधारण सारखाच असतो, उपाय मात्र फ्लॅगमध्ये नाही, नव्या बिनयुटिल्समध्ये असतो.

अपग्रेडनंतर हे पुन्हा उद्भवू नये म्हणून बिल्ड स्क्रिप्टच्या शेवटी एक तपासणी बसवा. प्रीफिक्सखालच्या प्रत्येक आर्काइव्ह आणि ऑब्जेक्टवर रीडएल्फ चालवायचा, आर्च स्ट्रिंगमध्ये 'एम' दिसला की स्क्रिप्ट नापास. त्यावर आणखी एक चाळणी ऑब्जडम्पची: उलगडलेल्या कोडमध्ये म्युल-डिव्ह-रेमची नावं किंवा एक्स१६ पासून पुढचे रजिस्टर शोधायचे. दोन चाळण्या अशासाठी, की ॲट्रिब्यूट हे फायलीचं स्वतःबद्दलचं म्हणणं आहे. असेंब्लरच्या इन्सन डायरेक्टिव्हने कच्चा शब्द घातलेला असेल तर ते म्हणणं आणि वस्तुस्थिती जुळेलच असं नाही. हीच तपासणी फर्मवेअरच्या लिंकनंतरही लावा.

इतर आर्किटेक्चरवर असाल तर

नावं बदलतात, रीत तीच. आर्मव्ही४ मध्ये, म्हणजे स्ट्राँगआर्म एसए-११० सारख्या थम्ब नसलेल्या कोअरवर, लायब्ररीतली बीएक्स इन्स्ट्रक्शन मारते. तिथे लिंकरला फिक्स-व्ही४बीएक्स हा खास पर्याय आहे. पॉवरपीसी ई५०० वर एलडब्ल्यूसिंक चालत नाही, आणि त्याच्या एसपीई प्रकाराचा आधार जीसीसी ९ मध्ये काढलाच गेला, त्यामुळे तिथे जुनी आवृत्ती धरून बसण्यावाचून गत्यंतर नाही. लेक्स्राच्या मिप्ससारख्या कोअरना एलडब्ल्यूएल-एलडब्ल्यूआर ही अलाइन नसलेल्या लोडची जोडी नाही, आणि पॅक्ड स्ट्रक्चर आलं की कंपायलर नेमकी तीच काढतो. मिप्सवर लिनक्स चालवणाऱ्यांना आणखी एक चकवा: एफपीयू नसलेल्या कोअरवर कर्नलच फ्लोटिंग पॉइंट इन्स्ट्रक्शनचं एम्युलेशन करतो. हार्ड-फ्लोट लायब्ररी चुकून लागली तरी प्रोग्राम मरत नाही, नुसता संथ होतो, आणि महिनोन्महिने कोणाला पत्ता लागत नाही.

चिप निर्मात्याचं सामान मिसळलं असेल तर

काही निर्माते जीसीसीची स्वतःची शाखा देतात, त्यात स्वतःची जादा एक्स्टेन्शन असतात. तिथे बांधलेली ऑब्जेक्ट मूळ ऑब्जडम्पला नीट उलगडता येत नाहीत. अनोळखी शब्द दिसला म्हणून लगेच ती इल्लीगल समजू नका, आधी चिपच्या मॅन्युअलमध्ये बघा. उलट बाजू जास्त धोक्याची. निर्मात्याच्या उदाहरण-कोडमध्ये इंटरप्ट फंक्शनवर त्यांचं खास ॲट्रिब्यूट असतं. मूळ जीसीसीला ते माहीत नसतं, तो एक वॉर्निंग देऊन पुढे जातो, आणि ते फंक्शन एमआरईटी (इंटरप्टमधून परतायची इन्स्ट्रक्शन) ऐवजी साध्या आरईटीने संपतं. पहिला इंटरप्ट येईपर्यंत सगळं छान चालतं. हे टूलचेनच्या लायब्ररींचं दुखणं नाही, पण लक्षणं इतकी सारखी दिसतात की याच रांगेत येऊन उभं राहतं. तिथे मूळ जीसीसीचं साधं इंटरप्ट ॲट्रिब्यूट लावा, आणि तुमच्या फ्लॅगमध्ये वॉर्निंग दाबून टाकणारा काही पर्याय असेल तर तो काढा.

सोर्स न देता नुसती आर्काइव्ह फाइल दिली असेल तर आधी तिच्यावर रीडएल्फ चालवा. जुन्या असेंब्लरने बांधलेली असेल तर 'ई'ची आवृत्ती १.९ दिसेल आणि लिंकर आवृत्ती जुळत नाही अशी वॉर्निंग देईल; 'ई' २.० झाल्यावर ती अपेक्षितच आहे, तेवढ्यावरून लायब्ररी टाकून देऊ नका. आर्च स्ट्रिंगमध्ये 'एम' असेल, किंवा बेसच 'आय' असेल, तर मात्र आरव्ही३२ईसीसाठी बांधलेली प्रत मागून घेण्याला पर्याय नाही. ऑब्जकॉपीने ॲट्रिब्यूटचा सेक्शन उडवायचा सल्ला कोणीतरी देतंच. त्याने 'एम' रीडएल्फमध्ये दिसेनासा होतो, हेडरमधला 'ई'चा बिट आहे तसाच राहतो, आणि आतल्या म्युलही जिथल्या तिथेच.